बेअरलाउख : युरोपच्या जंगलातली लसूण, ओळख आणि स्वयंपाक

पानगळ

मार्च लागला की जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमधल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एकाच तऱ्हेचे फोटो फिरायला लागतात. हातात हिरव्या पानांची जुडी आणि खाली प्रश्न, "हे खातात ना?" हा धागा त्या प्रश्नासाठी काढतेय. उत्तर "हो" आहे, पण एका अटीवर. ती अट आधी सांगते, पाककृती नंतर.

वनस्पतीचं नाव बेअरलाउख. शास्त्रीय नाव अ‍ॅलियम उर्सिनम, लिनियसने १७५३ साली दिलेलं. इंग्लंडात तिला रॅमसन्स किंवा वाइल्ड गार्लिक म्हणतात. ओलसर, चुनखडीच्या कसदार मातीतल्या बीच, अ‍ॅश, हॉर्नबीम या झाडांच्या जंगलात ती वाढते. तिचं वेळापत्रक बघण्यासारखं आहे. फेब्रुवारीअखेर पानं वर येतात तेव्हा वरची झाडं अजून बोडकी असतात, ऊन थेट जमिनीवर पडतं. झाडांना पालवी फुटून सावली दाट होईपर्यंत जे काही आठवडे मिळतात, त्यातच हिला वर्षभराचं अन्न साठवून घ्यायचं असतं. एप्रिल-मेमध्ये सहा पाकळ्यांची पांढरी चांदणीसारखी फुलं येतात, आणि जून-जुलैपर्यंत पानं पिवळी पडून मातीत विरून जातात. नंतर तिथे गेलात तर इथे काही होतं यावर विश्वास बसणार नाही. जर्मनीत थुरिंगियातल्या हाइनिख राष्ट्रीय उद्यानात किंवा लाइपझिगच्या नदीकाठच्या जंगलात बहराच्या दिवसांत गेलात तर फुलं दिसायच्या आधी वास येतो.

आता अट. प्रत्येक पान तोडताना एकेक बघायचं. मूठ भरून ओढायचं नाही, कात्रीने झपाझप कापायचं नाही. कारण याच दिवसांत, याच जागी, जवळजवळ अशाच पानांच्या तीन विषारी वनस्पती उगवतात.

पहिली लिली ऑफ द व्हॅली. हिच्या एकाच देठावर सहसा दोन पानं, एकमेकांना कवटाळून वर आलेली. पानाची मागची बाजू चकाकते. बेअरलाउखचं तसं नाही. तिचं प्रत्येक पान स्वतंत्र, बारीक देठावर थेट जमिनीतून येतं, आणि मागची बाजू मंद, बिनचकाकीची असते.

दुसरी ऑटम क्रोकस, जर्मनमध्ये हेर्ब्स्टत्साइटलोझ. ही खरी घातक. हिच्या पानांना देठच नसतो. ताठ, जाडसर, दोन्ही बाजूंनी चकाकणारी पानं एकाच ठिकाणाहून झुपक्याने निघतात. फुलं शरद ऋतूत येतात, म्हणून वसंतात ओळखायला फूल नसतं, नुसती पानं आणि कधीकधी त्यांच्यामध्ये दडलेलं हिरवं बोंड. ही मुळात ओल्या कुरणांतली, पण जंगलाच्या कडेला दोघी शेजारी-शेजारी सापडतात.

तिसरी आरम. मोठी झाल्यावर पानं बाणाच्या टोकासारखी होतात, तेव्हा कुणीही ओळखेल. पण कोवळी असताना ते कोपरे नसतात. तेव्हा शिरा बघा. आरमच्या शिरा जाळीदार असतात, बेअरलाउखच्या लांबीला समांतर.

नियमाचं थोडक्यात. जर्मनीत निसर्गसंरक्षण कायद्याच्या ३९ व्या कलमानुसार स्वतःपुरतं, हातात मावेल इतपत घेता येतं. संरक्षित क्षेत्रात तेही नाही, तेव्हा पाटी वाचूनच आत जा. कांदा उपटू नका. कांदा गेला की रोप गेलं, आणि स्वयंपाकात हवी असतात ती पानंच. एका रोपाला दोन-तीनच पानं असतात, त्यातलं एक घ्या आणि पुढच्या रोपाकडे वळा.

पाककृती प्रतिसादांत टाकते. तुमच्याही लिहा.

ताकभात

छान धागा. पण लोकांना इतकं घाबरवायची गरज आहे का? पान चुरडलं की लसणाचा वास येतो, बाकीच्यांना येत नाही. इतकी सोपी परीक्षा असताना देठ, शिरा, चकाकी कोण बघत बसणार?

पानगळ

@ताकभात, परीक्षा बरोबर आहे, पण ती पहिल्या पानापुरतीच. दहा पानं खुडली की बोटांनाच वास लागतो. मग अकरावं पान कशाचंही असो, चुरडून नाकाशी नेलं की लसूणच येणार. दाट वाढलेल्या जागी तर आधीच हवेत वास भरलेला असतो. म्हणून वास हा पुरावा धरायचा नाही, फक्त शंका घ्यायला वापरायचा. वास आला नाही तर पान टाका. वास आला तरी देठ बघा.

सवय झाली की देठ बघायला वेळ लागत नाही. बोट पानावरून खाली सरकवत जमिनीपर्यंत न्यायचं. पान निमुळतं होत बारीक, मऊ देठात उतरलं आणि तो देठ एकटाच मातीत शिरला, तर खुडा. बोट दुसऱ्या पानाला अडलं तर थांबा.

शमिका

पानगळताई, तुम्ही अट आधी लिहिलीत हे फार बरं केलंत. मी बव्हेरियात रुग्णालयात काम करते, म्हणून थोडी भर घालते.

ऑटम क्रोकसमध्ये कोल्चिसिन असतं. गाउट या सांधेदुखीवर जे औषध देतात तेच, पण पानांतून पोटात किती गेलं याचा हिशोब नसतो. पेशी विभागताना आतले जे सूक्ष्म धागे लागतात, ते कोल्चिसिन बनू देत नाही. त्यामुळे ज्या पेशी सतत विभागत असतात त्यांच्यावर पहिला घाव बसतो, म्हणजे आतड्याचं अस्तर आणि अस्थिमज्जा.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे वेळ. जेवण झाल्यावर कित्येक तास काहीच होत नाही. मग उलट्या, जुलाब, पोटात मुरडा. माणसाला वाटतं काहीतरी शिळं खाल्लं असेल. काही जणांना मध्ये जरा बरंही वाटतं. आणि एक-दोन दिवसांनी मूत्रपिंड, यकृत, हृदय, रक्तपेशी सगळं एकदम कोलमडायला लागतं. हमखास उतारा असं औषध हाताशी नसतं, शरीराला आधार देत राहणं एवढंच करता येतं. आणि शिजवल्याने हे विष जात नाही. सूप उकळलं म्हणून सुरक्षित झालं असं अजिबात समजू नका.

लिली ऑफ द व्हॅलीतली द्रव्यं वेगळी, ती हृदयावर काम करतात. मळमळ, चक्कर, नाडी अनियमित.

तेव्हा रानातली पानं खाल्ल्यावर उलट्या-जुलाब सुरू झाले तर "बघू उद्या" नको. जर्मनीत विषबाधा केंद्राला फोन करा, स्वित्झर्लंडमध्ये १४५, त्रास जास्त असेल तर कुठेही ११२. स्वतःहून उलटी काढायला जाऊ नका. उरलेली पानं, कचऱ्यात टाकलेले देठ, पातेल्यातलं उरलेलं, जे असेल ते पिशवीत घालून सोबत आणा. डॉक्टरांचं निम्मं काम त्यानेच होतं.

ताकभात

शमिका, पानगळ, पटलं. वासाबद्दलचा मुद्दा असा कधी डोक्यात आला नव्हता. धन्यवाद.

कृष्णाकाठ

इंग्लंडातून लिहितोय. इथे ही वनस्पती जुन्या जंगलाची खूण मानतात. शेकडो वर्षं जमीन नांगरली गेली नाही अशा ठिकाणी ती ब्लूबेलबरोबर दिसते. त्यामुळे इथल्या यादीत आणखी एक नाव घाला. ब्लूबेलची पानंही विषारी आहेत, आणि दोघींची सरमिसळ असते. ब्लूबेलचं पान अरुंद, पट्टीसारखं. कोवळं असताना घाईत मुठीत येऊ शकतं.

कायदा इथे जरा वेगळा. १९६८ च्या थेफ्ट अ‍ॅक्टप्रमाणे रानातली पानं, फुलं, फळं, अळंबी स्वतःसाठी खुडणं चोरी ठरत नाही, विकण्यासाठी खुडलीत तर ठरते. आणि १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड अ‍ॅक्टप्रमाणे जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कुठलंही रानरोप मुळासकट उपटायला बंदी आहे.

पण ज्यांना पोटभर खायचंय त्यांनी थ्री-कॉर्नर्ड लीक शोधावी. तीही अ‍ॅलियमच, भूमध्य समुद्राकडून आलेली. देठ तिधारी, पानं अरुंद, पांढऱ्या पाकळीवर मधोमध हिरवी रेघ. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला तिने इतका उच्छाद मांडलाय की ती आता उपद्रवी परक्या वनस्पतींच्या यादीत आहे. तिला रानात लावणं गुन्हा आहे, खाणं नाही. चव सौम्य, पातीच्या कांद्याकडे झुकणारी. मालकाची परवानगी असेल तर ही मुळासकट काढली तरी कुणाला वाईट वाटणार नाही.

आणि कॉर्नवॉलमध्ये यार्ग नावाचं चीज मिळतं. मूळ प्रकार खाजकुइलीसारख्या झोंबणाऱ्या नेटलच्या पानांत गुंडाळतात, दुसरा वाइल्ड गार्लिकच्या पानांत. पानासकट खायचं. मिळालं तर सोडू नका.

नर्मदेचा गोटा

एक शंका. इथले शेजारी सांगतात की कोल्ह्यांमुळे रानातलं काही कच्चं खाऊ नये, पोटात जंत होतात. खरं का? आणि फ्रीजरमध्ये ठेवलं तर चालतं का?

शमिका

@नर्मदेचा गोटा, शेजारी म्हणतात ते फॉक्स टेपवर्मबद्दल, इकायनोकॉकस मल्टिलोक्युलॅरिस. दक्षिण जर्मनी आणि आल्प्सच्या भागात तो कोल्ह्यांमध्ये आहे. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. माणसाला आजार क्वचित होतो, पण होतो तेव्हा यकृतात वर्षानुवर्षं वाढत राहतो, म्हणून तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

धुतल्याने धोका कमी होतो, शून्य होत नाही. ६० अंशांच्या वर नीट शिजवलं की अंडी मरतात. घरच्या फ्रीजरचे उणे १८-२० अंश त्यांना काही करत नाहीत, तेव्हा पेस्टो (पानांची तेलातली चटणी) गोठवला म्हणून तो निर्धोक झाला असं होत नाही. ज्यांना अजिबात जोखीम नको त्यांनी शिजवून खावं, किंवा शेतात लावलेली पानं विकत घ्यावीत. मी स्वतः कच्ची खाते, पण पायवाटेच्या कडेची कधीच घेत नाही, आणि वाहत्या पाण्याखाली प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी चोळून धुते.

ज्यांच्याकडे कुत्रा-मांजर आहे त्यांच्यासाठी अजून एक. कांदा-लसणाच्या कुळातलं काहीही त्यांच्या लाल रक्तपेशी फोडतं. उरलेलं पेस्टो त्यांच्या ताटलीत नको.

टेकडीवरचा

अमेरिकेतून, अ‍ॅपलाचियन डोंगरातून. आमच्याकडे हिची चुलत बहीण आहे, रॅम्प, अ‍ॅलियम ट्रायकोकम. पानं बेअरलाउखसारखीच रुंद, पण बुडाशी बहुतेक वेळा जांभळट छटा, आणि फूल येतं तेव्हा पानं वाळून गेलेली असतात. वेस्ट व्हर्जिनियात एप्रिलमध्ये गावोगाव रॅम्पची जेवणं होतात. बेकनच्या चरबीत बटाटे आणि रॅम्प परततात, सोबत पिंटो बीन्स आणि मक्याचा पाव. हिवाळाभर साठवणीचं खाल्ल्यावर वर्षातली ही पहिली हिरवी भाजी, त्यामुळे तिच्याबद्दल इथल्या जुन्या लोकांना जो जिव्हाळा आहे तो नुसत्या चवीचा नाही. इथले मूळ रहिवासी चेरोकी लोक तर युरोपीय यायच्या कितीतरी आधीपासून ती खात आलेत.

मला लिहायचंय ते कांद्याबद्दल. इथे परंपरेने रॅम्प कांद्यासकट खणतात. डोंगरातली मोजकी कुटुंबं खणत होती तोवर चाललं. शहरातल्या रेस्टॉरंटांना चटक लागली आणि पोत्यांनी खणणं सुरू झालं. बी रुजायलाच सहा ते अठरा महिने, रोप मोठं व्हायला पाच-सात वर्षं. एका दुपारी खणलेला उतार भरून यायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं. क्वेबेकने १९९५ पासून रॅम्पच्या विक्रीवर बंदी घातली, घरच्यासाठीही माणशी वर्षाला ५० कांदेच. ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात २००४ पासून खणणं बंद आहे. तुमच्याकडे बेअरलाउख अजून मुबलक आहे, तोवरच पानापुरतं थांबायची सवय लावून घ्या.

इथला घातक जोडीदार म्हणजे फॉल्स हेलेबोर. पानं घडी घातलेल्या कागदासारखी चुण्यांची, आणि एकाच जाड खोडाभोवती चढत गेलेली. रॅम्पचं पान सपाट असतं.

ताकभात

आता खायचं बोला. मी पानं बटाट्याबरोबर टाकून सूप शिजवतो. रंग शेवाळी होतो आणि चव जेमतेम पालकाची. काय चुकतंय?

पानगळ

@ताकभात, पानं फार लवकर पडतायत. लसणाचा झणका पानात तयार नसतो. पान चिरलं की त्यातलं एक विकर (एन्झाइम) आणि गंधकाची संयुगं एकत्र येतात, तेव्हा अ‍ॅलिसिन बनतं. उष्णतेने ते विकरही मरतं आणि वासही उडून जातो. वाळवलेल्या पानांतही जवळजवळ काही उरत नाही, म्हणून वाळवायच्या फंदात पडू नका.

सूप असं करा. एक कांदा लोण्यावर मऊ होईपर्यंत परता, जळू देऊ नका. तीन-चार बटाटे फोडी करून टाका, भाज्यांचा स्टॉक घाला, बटाटे पुरते शिजू द्या. मग गॅस बंद. थोडी क्रीम. आता मोठा जुडगा, साधारण १०० ग्रॅम पानं, जाडसर चिरून टाका आणि लगेच ब्लेंडर फिरवा. अर्ध्या मिनिटात पांढरट सूप हिरवंगार होतं. पुन्हा उकळी आणू नका. पाच मिनिटं उकळत ठेवलंत तर तोच हिरवा रंग डोळ्यांदेखत मेंदीच्या पाल्यासारखा मळकट होतो, आणि रंगाबरोबर चवही गेलेली असते. शमिकाने लिहिलेली काळजी असेल तर सूप वाफाळतं असतानाच पानं घालून झाकण ठेवा, काही मिनिटं त्याच उष्णतेत राहू द्या. चव थोडी उतरते, पण चांगलीच लागते.

पेस्टोसाठी १०० ग्रॅम पानं, ५० ग्रॅम भाजलेल्या सूर्यफुलाच्या बिया किंवा हेझलनट, ५० ग्रॅम पार्मेजान, साधारण १०० मिली तेल, मीठ. पानं धुतल्यावर फडक्यावर पसरून अगदी कोरडी करा, पाणी राहिलं तर पेस्टो लवकर बिघडतो. आणि भरलेली बरणी बाहेर ओट्यावर ठेवू नका. तेलाखाली हवा पोचत नाही, आंबटपणा नाही, आणि पानांना माती लागलेली असू शकते. बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूंना यापेक्षा सोयीची जागा नाही. आठवडाभराचं फ्रीजमध्ये, बाकीचं लहान डब्यांतून फ्रीजरमध्ये.

घाई असेल तर बारीक चिरलेली पानं, क्वार्क (चक्क्यासारखं ताजं चीज), मीठ, मिरी, आणि राय पाव. माझ्या मते यात ती सगळ्यात स्वच्छ लागते.

उमा_के

मॉस्कोच्या बाजारात कॉकेशसचे विक्रेते हिचे खारवलेले कोवळे देठ विकतात, नाव चेरेम्शा. सायबेरियातल्या दुसऱ्या एका अ‍ॅलियमलाही तेच नाव आहे, तेव्हा नावावर जाऊ नका. पण खरी सांगायची गोष्ट म्हणजे कॉकेशसमधल्या ओसेतियन लोकांचा दावोन्जिन. पिठाच्या गोळ्यात चेरेम्शाची बारीक चिरलेली पानं आणि ताजं खारं चीज भरून, पातळ गोल थापून ओव्हनमध्ये भाजतात, आणि गरम असतानाच वरून सढळ हाताने लोणी. इथे पानं पूर्ण शिजतात आणि तरी चव टिकते, कारण वास चीजमध्ये उतरतो, पिठाच्या आत कोंडून राहतो. पानगळताईंचं म्हणणं सुपापुरतं खरं, पण शिजवलेली बेअरलाउख म्हणजे वाया गेलेली असं नाही.

पानगळ

@उमा_के, मान्य. इथेही क्नोडलमध्ये (उकडलेले गोळे) आणि श्पेत्झलंच्या (घरगुती नूडल्स) पिठात घालतात, तिथे पिठाचं कवच असतं. मोकळ्या पाण्यात उकळू नका, एवढंच म्हणायचं होतं. दावोन्जिन या वसंतात करून बघणार.

नर्मदेचा गोटा

माझ्या बागेत उत्तरेकडे सावलीचा तुकडा आहे. लावता येईल का? तोडताना शोधाशोध नको आणि कोल्ह्याचीही चिंता नको.

पानगळ

@नर्मदेचा गोटा, नक्की लावा. पानगळीच्या झाडाखालची ओलसर माती, वर कुजलेल्या पाल्याचा थर. बी ताजंच पेरा, त्याला रुजायला थंडी लागते, आणि पहिली दोन वर्षं बारीक पात्यांपलीकडे काही दिसणार नाही. नर्सरीतून कुंडीतलं रोप आणलंत तर लवकर होईल. एकदा रुळली की स्वतःच पसरते, तेव्हा भाजीच्या वाफ्यापासून लांब. आणि बागेत लिली ऑफ द व्हॅली असेल तर दोन्ही एकाच कोपऱ्यात कधीच नकोत. पुष्कळ बागांत ती शोभेसाठी लावलेली असते.

कृष्णाकाठ

फुलं आल्यावर पानं टाकून देता का तुम्ही? माझी चरबट लागतात.

पानगळ

@कृष्णाकाठ, पानं तेव्हा राठ आणि कडसर होतात, मी घेत नाही. पण हंगाम तिथे संपत नाही. न उमललेल्या कळ्या मिठाच्या व्हिनेगरमध्ये घाला, केपर्ससारख्या (खारवलेल्या आंबट कळ्या) वापरता येतात. उमललेली फुलं कच्चीच सॅलडवर टाका, पानांपेक्षा तिखट आणि मागाहून किंचित गोड लागतात. आणि मेअखेर फुलांच्या जागी मिरीएवढी हिरवी बोंडं धरतात. ती हिरवी असतानाच खुडायची, देठ काढून मिठात दोन-तीन आठवडे मुरवायची, मग मीठ झटकून व्हिनेगरमध्ये भरून फ्रीजमध्ये. महिनाभराने उघडा. बटाट्याच्या सॅलडमध्ये किंवा माशावर दोन-चार दाणे पुरतात.

बोंडं मात्र मोजकीच घ्या, एका जागेवरून थोडी. पुढची रोपं त्यातूनच यायची आहेत.

कृष्णाकाठ

मिठाचं प्रमाण काय? आणि झाकण घट्ट लावू का सैल?

पानगळ

बोंडं झाकली जातील इतकं जाडं मीठ, मोजत नाही. झाकण सैल, आणि रोज एकदा बरणी हलवायची. तळाला पाणी सुटेल, सुटू द्या.